आपण बरे झाल्याबद्दल अभिनंदन

फोन आला तेव्हा तो खिडकीशी बसला होता, चाकांच्या खुर्चीत. बायको आत चादर पिळत होती.

"नमस्कार काका, माजी सैनिक सेवा विभागातून बोलतेय. कसे आहात?"

"बरा आहे गं पोरी. तू कशी आहेस?"

"मी? मी पण बरी आहे काका." पोरगी हसली. दिवसभरात तिला हे कुणी विचारलं नसावं. "ठेवते हं."

बोलणं संपलं. त्यालाही बरं वाटलं, कुणीतरी आपणहून चौकशी केली म्हणून.

मग मोबाइलवर संदेश आला.

*नव्या धोरणानुसार झालेल्या दूरध्वनी तपासणीत आपण 'बरा' या गटात आढळला आहात. आपण बरे झाल्याबद्दल अभिनंदन. महिनाअखेरीपासून आपली मदतनीस सेवा थांबवण्यात येत आहे.*

बायकोने तो मोठ्याने वाचला. मग चष्मा पुसून परत वाचला.

"अहो, तुम्ही काय बोललात त्यांना?"

"काही नाही. कसे आहात विचारलं, बरा आहे म्हणालो."

बरा

एक. आजारातून उठलेला.

दोन. फार चांगला नाही, फार वाईट नाही. चाललंय.

तीन. कुणी विचारलं की द्यायचं उत्तर. ह्याला अर्थ नसतो. दार हलकेच लोटून घ्यावं, तसं ते असतं.

सरकारदरबारी फक्त पहिला.

मदतनीस

म्हणजे पैलवान. अंगावर मूठभर मांस नाही म्हणून पैलवान. सरकारी इस्पितळात वॉर्डबॉय म्हणून जन्म गेला, आता ह्या सेवेत. रोज सकाळी दोन तास यायचा. त्याला पलंगावरून उचलायचा, धुवायचा, कपडे चढवायचा, पाठीवर जखमा होतायत का बघायचा, खुर्चीत बसवायचा. रात्री घरी जाताना वाटेत थांबून परत पलंगावर निजवायचा. आणि सगळा वेळ तोंड चालू.

सैन्यात असताना फुटलेल्या सुरुंगाने काकांचे पाय नेले नव्हते. पाय होते. पण कंबरेखाली कशाचाच पत्ता नव्हता.

"तुमचे पाय म्हणजे सरकारी नोकर," पैलवान म्हणायचा. "जागेवर आहेत. काम करत नाहीत."

पैलवान यायच्या आधी हे सगळं बायको करायची. एकदा त्याला उचलताना तिच्या पाठीत काहीतरी कट्कन वाजलं, तेव्हापासून तिच्या कंबरेला पट्टा. भरलेली बादलीही उचलायची नाही, अशी तिला ताकीद होती.

आता पैलवान बंद झाला तर दोनच वाटा. बायकोने परत उचलायचं. किंवा त्याने सैनिक निवासात जाऊन राहायचं, जे इतकं लांब होतं की तिला सणासुदीलाच जाणं जमलं असतं.

अपील करता येत होतं. डॉक्टरसमोर, प्रत्यक्ष. तारीख मिळाली.

तालीम

पैलवान डॉक्टर झाला. स्टुलावर बसला, बायकोचा चष्मा नाकावर ओढला.

"हं. कसे आहात?"

"बरा आ—"

"गेलात! घरी जा! पुढचा!"

"अरे, सवयीने निघतं तोंडातून."

"सवय गेली खड्ड्यात. परत. कसे आहात?"

"ठीक."

"ठीक म्हणजे बराच!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "अहो, आयुष्यभर भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुर केलीत. तेवढीच कुरकुर तिथे करा."

तालीम, परत

"कसे आहात?"

तो गप्प.

"काका, गप्प बसलात तरी बराच लिहितील. बोला. सकाळी उठल्यावर काय होतं?"

"तुला माहीत आहे काय होतं."

"मला आहे. डॉक्टरला नाही."

"हिला बाहेर पाठव आधी."

"मी बाहेरच आहे," बायको म्हणाली. भिंत तेवढी मध्ये होती.

त्याने तोंड उघडलं. मग म्हणाला, "चहा टाक गं," आणि तालीम संपली.

तालीम, शेवटची

"तुम्हाला जमत का नाही, तेवढं सांगा," पैलवानाने चष्मा काढला. "अहो, शत्रूसमोर उभे राहिलात ना?"

"तिथे बोलायचं नव्हतं."

मग खिडकीकडे बघत:

"आमच्या कंपनीत संध्याकाळी रांगेत विचारायचे, कुणाला काही त्रास? आता, एखाद्याने हात वर केला, तर त्याला विश्रांती मिळायची. चांगली गोष्ट. पण त्याची पिशवी? ती तिथे थोडीच राहणार? ती शेजारच्याच्या पाठीवर. शेजारचा काही बोलायचा नाही. चालताना नुसता दम टाकायचा. तो दम ऐकत चालायचं दिवसभर. त्यापेक्षा बरा."

पैलवानाने चष्म्याची काडी उघडली, मिटली.

"इथे पिशवी मी उचलतो," तो म्हणाला. "पगार घेतो त्याचा. मला दम लागत नाही. म्हणून बोला."

खोली

एक टेबल, एक संगणक. पंखा फिरत होता, वारा लागत नव्हता. बाहेरच्या बाकांवर सगळे त्याच्यासारखेच बरे झालेले. एकाला हात नव्हता. एक जण कुणी जोरात दार लावलं की बाकाखाली बघत होता. सगळ्यांचं अभिनंदन झालेलं.

डॉक्टरीणबाईंना सर्दी झाली होती. त्यांनी मान वर न करता विचारलं, "हं, बोला. कसे आहात?"

"ब"

बायकोने त्याच्या खुर्चीची मूठ घट्ट धरली.

"ब, बसून आहे," तो म्हणाला, आणि मग एकदम,

कंबरेखाली काही कळत नाही बाई, ओलं झालं की वासावरून कळतं, मागे चहाचा कप मांडीवर उलटला तर संध्याकाळी फोड दिसला तेव्हा समजलं, दुपारनंतर हात थरथरतो, घास सांडतो, मग भूक नाही म्हणतो, सकाळी तो माणूस येईपर्यंत फाटकाच्या कडीकडे कान लावून पडून असतो, उशीर झाला तर घाबरतो, हो, घाबरतो, लिहा, आणि अंधार पडल्यावर मी पाणी पीत नाही, ही उशाशी तांब्या ठेवते तो पलंगालगतच्या कुंडीत ओततो, कारण प्यायलो तर हिला उठून मला कूस वळवावं लागतं, लघवीची पिशवी बदलावी लागते, आणि हिची पाठ

इथे तो थांबला.

बायको त्याच्याकडे बघत नव्हती. खिडकीतली ती कुंडी. गेलं वर्षभर तिने तिचं किती कौतुक केलं होतं, काय जोमाने वाढलीय म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी नाक पुसलं. पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तुम्ही बरे नाही आहात," त्या म्हणाल्या. "फोनवर तपासणी कसली करतात, मलाही कळत नाही. मी दुरुस्त करते."

टक टक टक.

बायकोने श्वास सोडला.

"आता पुढचा भाग. घरी बघायला कोण असतं?"

"मी," बायको म्हणाली.

"तुम्ही कशा आहात?"

"मी बरी आहे."

टक.

टक नंतर

"थांबा," तो म्हणाला. "खोडा ते. ती बरी नाही. तिची पाठ गेलीय. हे बघा, पट्टा आहे. दाखव गं."

"अहो!"

"दाखव म्हणतो ना! इतके दिवस माझ्या तोंडाला शिकवण्या लावल्यास, आणि स्वतः?"

"मला विचारतील असं मला कुठे माहीत होतं?" तिचा आवाज चढला. "पटकन निघालं तोंडातून."

डॉक्टरीणबाईंनी बोटं कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवली.

"काका, ऐका. बाई, तुम्हीही ऐका. नवं धोरण असं आहे. घरात धडधाकट माणूस असेल तर त्याने सांभाळायचं, मदतनीस मिळत नाही. घरातलं माणूस धडधाकट नसेल, तर घर असुरक्षित धरतात. मग रुग्णाला निवासात हलवायची शिफारस जाते. माझ्या हातात नाही, ती आपोआप जाते."

"आणि मदतनीस?"

"तो जुन्या नियमात होता."

"पण दोन तास आला तरी आमचं भागतं हो. दोनच तास."

"मला कळतंय." त्यांनी संगणकाचा पडदा दोघांकडे वळवला. दोनच चौकोन होते, 'धडधाकट' आणि 'धडधाकट नाही'. "दोन तासांचा माणूस ह्यात बसत नाही. मी बसवून बघितलाय, दुसऱ्या लोकांसाठी. परत येतं."



"निवास वाईट नाही," तो म्हणाला. "आमचे लोक असतात तिथे. पत्ते खेळतात."

"तुम्हाला पत्ते येत नाहीत."

"शिकेन."

"गप्प बसा."

"तुझी पाठ"

"माझी पाठ माझी आहे."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. "मला परत विचारावं लागेल," त्या म्हणाल्या. "आधीचं खोडलंय. नीट विचार करून सांगा. तुम्ही कशा आहात?"

बायकोने साडीचा पदर पट्ट्यावरून नीट ओढून घेतला. त्याच्याकडे पाहिलं. तो मान हलवत होता, नको, नको.

"बरी आहे," ती म्हणाली. सावकाश. एकेक अक्षर.

टक.

वाहनतळ

पैलवान सुट्टी टाकून आला होता. गाडीचं दार उघडून उभा.

"काय झालं?"

"बंद," बायको म्हणाली. "तीस तारखेपर्यंत ये. मग बंद."

पैलवानाने मुठीने गाडीच्या टपावर एकदा हळूच मारलं. मग त्याने बाह्या सरसावल्या, खुर्ची गाडीशी तिरकी लावली, चाकांना खीळ घातली, आणि स्वतः बाजूला झाला.

"या वहिनी."

"आत्ता? इथे?"

"इथेच. मी आहे तोवर चुका करून घ्या. पाय फाकवून उभ्या राहा. पाठ वाकवायची नाही, मेलात तरी नाही. गुडघे वाकवा. त्यांचे गुडघे तुमच्या गुडघ्यांत अडकवा. काका, हात वहिनींच्या मानेभोवती. अहो, लाजताय काय? लग्नाचीच आहे ना?"

"लोक बघतायत," तो म्हणाला.

"बघू देत," ती म्हणाली. तिने त्याच्या पँटचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. त्याने तिच्या मानेभोवती हात टाकले आणि हातांवर जेवढा भार घेता येईल तेवढा घेतला.

"तुम्ही ओढू नका काका. तुम्ही सैल सोडा. ओढलंत की त्यांच्या मणक्यावर येतं. सगळा भार द्या."

"सगळा?"

"सगळा. गुडघ्यांवर घेतील त्या."

त्याने हात सैल केले. ते जमायला वेळ लागला.

ती अर्धी उठली, डगमगली, त्याला परत खुर्चीत सोडलं. दोघंही धापा टाकत होते. बाकांवरून सुटलेले दोघे-तिघे लांब उभे राहून बघत होते, त्यातला एक हात नसलेला.

"पाठ वाकली," पैलवान म्हणाला. "परत."