मोजलेला माल

मेरेवाईच्या वहीप्रमाणे दुकानात माशांचे शहाण्णव डबे होते. फळीवर त्याच्या निम्मेसुद्धा नव्हते, आणि उद्या सकाळी मिसेस गाउंडर येऊन ते स्वतःच्या हाताने मोजणार होत्या.

झालं होतं असं. सुव्हा शहरातल्या कॉलेजात हिशेबशास्त्राच्या पहिल्या पेपरासाठी प्रत्येकाने एक खरं दुकान निवडून त्याचा वर्षाचा हिशेब मांडायचा होता. मेरेवाईने कोरोवोऊच्या पुढचं, आपल्या गावातलं मामाचं दुकान घेतलं. हिशेब असा जुळला की दोन्ही बाजूंची बेरीज सेंटाला सेंट लागली. लागणारच की! वर्षअखेरचा माल तिने मोजलाच नव्हता. घेतला किती, विकला किती, म्हणजे उरायला हवा किती, हे गणित तिने कॉलेजच्या ग्रंथालयात पंख्याखाली बसून केलं आणि खाली ठोकून दिलं, 'माल प्रत्यक्ष मोजला.' वर झोकदार सही. डबे मोजायला एवढ्या लांब बसने कोण जातंय! मग मिसेस गाउंडर मॅडमनी वर्गात चिठ्ठ्या टाकल्या. तपासणीला एकच दुकान निवडायचं होतं, आणि चिठ्ठी निघाली ती नेमकी हिची.

या पेपरात ती एकदा आपटली होती. दुसऱ्यांदा आपटली तर नाव कमी, असा कॉलेजचा नियमच होता. शिवाय दोन्ही वेळची फी मामाने भरलेली. त्यामुळे शुक्रवारी दुपारी बसमधून उतरून तिने दुकानाच्या फळ्या बघितल्या, तेव्हा तिची पाचावर धारण बसली.

"मामा, माल कुठंय?"

अपोरोसामामा ओट्यावर बसून दालोचे कंद सोलत होता. वीस वर्षं बोटीवर राबून साठवलेल्या पैशातून त्याने हे दुकान टाकलं होतं. दारावरची पाटी त्याने स्वतःच रंगवली होती, आणि त्यातली निम्मी अक्षरं उताराला लागली होती.

"जाईल कुठं? गावातच आहे."

"कुणी नेला?"

"लागेल त्यानं नेला. गावच्या एका म्हाताऱ्याच्या मयताला पीठ-साखर गेली. वासितीच्या घराचं छप्पर उडालं तेव्हा डबे गेले. लोक दारात येऊन केरेकेरे म्हणतात, मग काय नाही म्हणू?"

केरेकेरे म्हणजे आपल्या माणसाने आपल्या माणसाकडे केलेलं मागणं. त्याला नाही म्हणायची सोय नसते, आणि मामाला तर तशी इच्छाही नव्हती.

"निदान नावं तरी लिहायचीस!"

"नाव लिहिलं की ती उधारी होते, मेरे. आणि आपल्याच माणसाला उधारी लावली की मी नुसता दुकानदार उरतो."

"आणि मी नापास होते त्याचं काय? मी सही केलीये, मामा. मोजला म्हणून सही केलीये!"

एवढं बोलून ती ढसाढसा रडली. मामा सुरी हातात धरून नुसता बघत राहिला. बोटीवर त्याने वादळं पाहिली होती, पण भाचीच्या रडण्यापुढे त्याचं काही चालेना. दाराआड लोसालिनीमामी उभी होती. तिने सगळं ऐकलं, तोंडातून अक्षर काढलं नाही आणि चपला घालून बाहेर पडली. मामी गप्प राहिली की काहीतरी शिजत असतं हे मेरेवाईला एरवी कळलं असतं. त्या दिवशी तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

रात्रभर तळमळून तिने ठरवलं, की मॅडमना रस्त्यावरच गाठायचं आणि खरं काय ते सांगून टाकायचं.

मिसेस गाउंडर गाडीतून उतरल्या त्या काखेत यांगोनाच्या मुळ्यांची जुडी घेऊनच; पाहुण्याने ती आणायचीच असते. बा नावाच्या गावात त्यांच्या वडिलांचं दुकान होतं आणि गल्ल्यावर 'उधार मागू नये' अशी पाटी होती, हे त्या वर्गात दर आठवड्याला एकदा तरी सांगत. 'दुकान वेगळं, मालक वेगळा' हे त्यांचं दुसरं पालुपद.

"मॅडम, मला एक सांगायचं होतं—"

"हिशेबाबद्दल?"

"हो."

"मग मोजून झाल्यावर सांग. मोजायच्या आधी मी कुणाचं काही ऐकत नाही."

पुढे रीतीप्रमाणे चटईवर बसणं आलं. मुळ्यांची जुडी गावापुढे ठेवली गेली, टाळ्या वाजल्या, यांगोनाच्या पेयाची करवंटी फिरली. मॅडमनी करवंटी एका दमात रिकामी केली आणि गाव खूश झालं. मेरेवाईने करवंटी नुसती ओठांना लावली. समोर वासितीमावशी तिच्याकडे बघून हसत होती. सगळेच हसत होते. माझी अब्रू जायची वेळ आलीये आणि यांना हसू कसलं येतंय, या विचाराने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग मामाने दुकानाचं दार उघडलं.

फळ्या गच्च भरल्या होत्या. माशांचे डबे छतापर्यंत रचलेले, खाली साबण, बिस्किटं, पीठ, साखर. मेरेवाई आ वासून बघत राहिली. दारात मामी कमरेवर हात ठेवून उभी होती, लग्न पार पाडल्यासारखी.

"मोज," मॅडम म्हणाल्या. "तू मोज, मी लिहिते."

ती मोजू लागली. पन्नास झाले तेव्हा जीव थोडा भांड्यात पडला. ऐंशी झाले तशी ती मोठ्याने मोजू लागली. शहाण्णव झाले. तिने डोळे मिटले आणि देवाचे आभार मानले. डोळे उघडले तर फळीवर अजून डबे होतेच.

"थांबलीस का? पुढे."

शंभर झाले. शंभराच्या पुढे गेले. आता तिला नीट दिसू लागलं. या डब्यावर गंज आहे. तो मामा कधी ठेवतच नाही त्या कंपनीचा. त्याच्या मागच्यावर सुव्हाच्या मोठ्या दुकानाची किंमत चिकटवलेली आहे. पीठ तर चक्क फुलाफुलांच्या उशीच्या अभ्र्यात होतं. बिस्किटांचा एक पुडा फोडलेला होता आणि पहिली तीन बिस्किटं गायब होती.

मामीने रात्री घरोघर जाऊन एवढंच सांगितलं होतं, की उद्या मॅडम मोजणार आहेत, आपल्या मेरेचं दुकान कमी भरता कामा नये. किती हवं ते तिला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. शेजारणीने चार डबे दिले म्हटल्यावर तीन कोण देणार? आपण दुकानातून काय नेलं होतं हे कुणाच्या लक्षात नव्हतं. ज्याच्या घरात जे होतं ते त्याने आणून ठेवलं. पोरीची लाज राखायला निघालेल्या गावाने तिला पुरतं उघडं पाडलं होतं.

मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"कमी भरणारी दुकानं मी खूप पाहिली. जास्त भरणारं हे पहिलंच. मेरेवाई, हा माल आला कुठून?"

"काल लॉरी आली होती म्हण," मामी कुजबुजली. तिची कुजबुज मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाई.

म्हटलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण एका खोट्या सहीने इथवर आणलं होतं. दुसरं खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं.

"लॉरी नव्हती आली, मॅडम. मी माल मोजलाच नव्हता. न मोजता सही केली. खरा माल खूप कमी आहे. हे... हे सगळं गावानं घरातून आणून ठेवलंय. माझ्यासाठी."

वासितीमावशीचं हसू मावळलं. मॅडमनी लिहिलेले आकडे एका रेघेने खोडले, आणि मेरेवाईला वाटलं, संपलं.

"सहीचे गुण गेले," त्या म्हणाल्या. "ते परत मिळणार नाहीत. मोजणीचे अजून आहेत, ते मिळाले तर काठावर पास होशील. दुकानाचा जेवढा माल तेवढाच मोजून दाखव. दुपारी मला निघायचंय. ज्यांचं त्यांनी घेऊन जा म्हणावं."

हे सांगणं सोपं होतं. जागचं कुणी हललं नाही.

"दिलेलं परत घ्यायचं?" वासितीमावशी म्हणाली. "आम्ही काय भिकारी आहोत?"

"मावशी, माझ्यासाठी—"

"तुझ्यासाठीच दिलं ना, बाई! आता उचलून नेलं तर गाव काय म्हणेल?"

सगळं गाव तिथेच तर उभं होतं. मेरेवाईने हात जोडले, विनवण्या केल्या, शेवटी चिडून एक डबा वासितीमावशीच्या हातात कोंबला. मावशीने तो शांतपणे पुन्हा फळीवर ठेवला. मॅडमनी घड्याळ बघितलं. तिची दोन वर्षं तिच्या डोळ्यांदेखत डब्यांच्या त्या ढिगाखाली गाडली जात होती आणि ती काहीच करू शकत नव्हती.

तेवढ्यात मामा उठला. मॅडमनी आणलेल्या जुडीतलं एक मूळ उचलून घेतलं आणि दुकानासमोर, सगळ्यांपुढे, मांडी घालून बसला. मूळ दोन्ही हातांनी पुढे धरलं.

"केरेकेरे," तो म्हणाला.

लोकांच्या माना वळल्या. हा शब्द या दारात हजारदा उच्चारला गेला होता. मामाच्या तोंडून तो कुणी कधी ऐकला नव्हता.

"मी कुणापाशी काही मागितलं नाही. आज मागतो. आपापलं उचला आणि घरी न्या. माझ्या पोरीला तिचं मोजू द्या."

त्याची मान खाली होती. मामीने पदर नसलेल्या झग्याच्या बाहीने डोळे पुसले. मागणं मागितलं की नाही म्हणायची सोय नसते, मग मागणारा अपोरोसा का असेना. सगळ्यात आधी वासितीमावशी पुढे आली. तिने आपला उशीचा अभ्रा उचलला आणि कुणाकडे न बघता निघून गेली. मग एकेक जण आला.

दुकान रिकामं होत गेलं. आपण वर्षभरात काय काय नेलं ते गाव पहिल्यांदाच बघत होतं. मामाही बघत होता. खालच्या दोन फळ्यांवर तर नुसती धूळ उरली होती.

मेरेवाईने पहिल्यापासून मोजलं. मॅडमनी प्रत्येक आकडा पुन्हा तपासला.

"तूट मोठी आहे," त्या म्हणाल्या. "कुठल्या खात्यावर टाकशील? चोरी?"

"नाही!"

"बुडालेली उधारी?"

"उधारी कधी दिलीच नाही, मॅडम."

"मग एकच उरतं. मालकाची उचल. मालकानं स्वतःसाठी नेलेला माल."

मेरेवाईने पेन खाली ठेवलं. पास व्हायला दोन शब्द पुरे होते, पण ते तिच्याने लिहवेनात.

"मामानं स्वतःसाठी काही नेलं नाही हो. मामी साबणाची वडीसुद्धा रोख पैसे टाकून नेते. हे खोटं होईल. आज आणखी खोटं नको."

"लिही," मामा म्हणाला. तो अजून तिथेच बसला होता. "मीच नेलं असं लिही."

"पण तू कुठं—"

"दुकान वेगळं आणि मी वेगळा, हे मॅडमचं खरं असेल. त्या शिकलेल्या आहेत. पण ही माणसं वेगळी आणि मी वेगळा, असं तर नाही ना कुठं लिहिलेलं? त्यांनी खाल्लं ते मीच खाल्लं. लिही, पोरी. त्यात खोटं काही नाही."

मिसेस गाउंडर यांनी मान वर करून उताराला लागलेल्या अक्षरांच्या पाटीकडे बघितलं. "बरोबर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "हीच नोंद बरोबर आहे."

मेरेवाईने लिहिलं, 'अपोरोसा, मालकाची उचल.' पुढे आकडा टाकला. आकडा मोठा होता, तिची दोन्ही वेळची फी त्यात सहज बसली असती. अक्षर फुटलं, कारण डोळे भरले होते. मामाने मान वाकडी करून आकडा बघितला.

"एवढं खाल्लं मी?" तो म्हणाला आणि पोटावरून हात फिरवला.

मॅडमनी जुन्या कागदावरची 'माल प्रत्यक्ष मोजला' ही ओळ खोडली आणि पेन तिच्या हातात दिलं. मेरेवाईने तीच ओळ पुन्हा लिहिली आणि खाली सही केली. या वेळी सही झोकदार आली नाही.