बाभळीच्या सालीतलं आतडं

फक्रुद्दीन रजेवर आला तेव्हा दारात उभ्या असलेल्या पोराला चांदबीनं आधी ओळखलंच नाही. काष्टीच्या स्टेशनावरून चालत आलेला खाकीतला माणूस ओसरीच्या खांबाला टेकला आणि "अम्मा" म्हणाला, तेव्हा तिची नजर त्याच्या मनगटांवर गेली. तिच्या हातातली बांगडी त्याच्या हातात घातली असती तर सहज कोपरापर्यंत सरकली असती.

"पलटणीत खायला देत न्हाईत का?" तिनं विचारलं.

"छावणीत देत्यात की. हाल हुत्यात ते जहाजावर." त्यानं बूट काढले. "डब्यातलं मटन देत्यात. कुनी कापलं, कसं कापलं, कुनाला ठावं? मी पाव आन् चहावर दिवस काढले."

कमरुद्दीन, त्याचा बाप, गावचा मुलाणी. पंचक्रोशीत बकरं त्याच्याच सुरीनं, अल्लाचं नाव घेऊन कापलं जाई. पोराचं बोलणं ऐकून तो नुसता मान हलवत राहिला. अशा बापाच्या पोरानं दुसरं काय केलं असतं? पण रजा संपली की पोरगा पुन्हा त्याच जहाजावर चढणार होता, आणि या वेळची लढाई मिसरच्याही पलीकडे, इटलीत होती. तेवढा प्रवास पुरेल असं घरचं मटण त्याच्याबरोबर कसं द्यायचं, हा एकच प्रश्न चांदबीच्या डोक्यात घर करून बसला.

वाळवलेलं मटण ती दर बकरी ईदला करायचीच. पण ते शिजवल्याशिवाय खाता येत नाही, आणि जहाजावर याला चूल कोण देणार? तेव्हा फक्रुद्दीननंच सांगितलं की मिसरमध्ये इटलीचे कैदी होते, ते आतड्यात खिमा भरून, त्याला धूर देऊन टांगून ठेवत. सॉसेज म्हणत त्याला. महिनोन्‌महिने टिकायचं. चाकूनं काप काढून तसंच खायचे.

"आतड्यात?" कमरुद्दीन म्हणाला. "तुझी अम्मा जलमभर आतडी धुतीय. तिला काय अवघड हाय?"

पण अवघड होतंच. आतडी धुऊन, चिरून, रश्शात टाकणं वेगळं, आणि आतडं अखंड ठेवणं वेगळं. बाजारच्या दिवशी कापलेल्या मेंढ्याचं आतडं चांदबीनं पाटावर ठेवलं आणि बांबूच्या बोथट चिपेनं खरवडायला घेतलं. आतला बुळबुळीत थर निघाला, वरची चरबी निघाली, आणि खाली जे उरलं ते पाहून तिचा हात थांबला. कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ. उजेडात धरलं तर पलीकडचा निंब दिसत होता. तिनं ताणून पाहिलं. तुटलं नाही.

आतून धुवायला ते उलटं करायचं कसं, हे फक्रुद्दीननं कैद्यांचं पाहिलं होतं. आतड्याचं तोंड त्यानं बाहीसारखं दुमडलं आणि त्या दुमडीत तांब्यानं पाणी ओतायला सांगितलं. पाण्याच्या वजनानं आतडं स्वतःच स्वतःच्या पोटात शिरू लागलं. हातभर, दोन हात, मग सगळंच, सळसळत. कुणी ओढत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. आतलं बाहेर आलं आणि बाहेरचं आत गेलं. चांदबीच्या हातातला तांब्या रिकामा झाला तरी तिनं तो तसाच तिरपा धरून ठेवला होता. "अल्ला," ती हळूच म्हणाली, "हे आपन जलमभर चिरून रश्शात टाकत आलो."

तरी पहिली खेप वाया गेली. खिमा भरायला रॉकेल ओतायचं पत्र्याचं नरसाळं तिनं राखेनं घासून घेतलं होतं, पण त्याची कड धारदार होती, त्या कडेनं आतडं चिरलं. मग त्याच्या जागी बांबूची गुळगुळीत नळी घेतली, तर खिमा इतका ठासला गेला की वीतवीतभर नळ्या करायला पीळ देताना आतडं टचकन फुटलं. उरलेल्या नळ्यांची माळ चुलीवर टांगली. तिथं झळ जास्त. आतडं वाळून कडकडीत झालं, चरबी वितळून विस्तवात पडली आणि तडतड करत एकेक नळी उकलत गेली. त्या रात्री घरानं फुटलेलं सॉसेज भाकरीबरोबर खाल्लं. चवीला झकास होतं. कमरुद्दीन म्हणाला, "रोज फुटू दे."

चांदबी हसली नाही. तिला फुटणारं नको होतं. ती विचार करत बसली. आपण दात घासतो कशानं? बाभळीच्या काडीनं. का? हिरड्या घट्ट होतात म्हणून. हिरडी म्हणजे ओलं, मऊ मांसच की. बाभूळ हिरडी घट्ट करते, तर आतडं का करणार नाही?

तिनं ओढ्याकाठची साल सोलून आणली, उकळली, आणि गार झालेल्या त्या तांबड्याकाळ्या पाण्यात दुसऱ्या मेंढ्याची खरवडलेली आतडी रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी ती गुलाबी-तपकिरी झाली होती. मीठ, लसूण, मिरची घातलेला खिमा या वेळी तिनं सैलसर भरला. एकही नळी फुटली नाही. धुरासाठी फक्रुद्दीननं परसात लांब चर खणला, वरून पत्रा आणि माती टाकली. एका टोकाला सुताराकडचा ओला भुसा धुमसत ठेवला, दुसऱ्या टोकावर दाण्याची रिकामी कणगी उलटी घातली आणि तिच्यात माळ टांगली. चरातून येईपर्यंत धूर गार व्हायचा. पौषातली कोरडी थंडी होती, तिनंही साथ दिली. कणगी उचलली तेव्हा आतली माळ तांब्याच्या भांड्यासारखी चमकत होती.

कमरुद्दीननं एक तुकडा तोंडात घातला. चावला. पुन्हा चावला. डावीकडून उजवीकडे नेला. शेवटी बोटानं बाहेर काढून त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"माझं हायेत तेवढं दात बी जातील."

फक्रुद्दीननं चावून पाहिलं, चांदबीनं पाहिलं. वरचं आतडं तुटेना. दुसऱ्या दिवशी सकाळची दौंडची गाडी. आता नवं मेंढरू कापायला, धुरी द्यायला वेळच नव्हता. चांदबी माळ मांडीवर घेऊन ओसरीवर बसली. पोराचे दिवस पुन्हा पाव-चहावर जाणार, आणि हे आपल्या अकलेनं झालं.

तेवढ्यात कातडी न्यायला सूर्यभान आला. मेंढ्यांची कातडी कमावणं हा त्याचा धंदा. त्यानं माळेची एक नळी अंगठ्यानं दाबली, वाकवली, नखानं टोचली.

"चाची, कशात भिजवलंत?"

"बाभळीच्या सालीत."

सूर्यभाननं नळीचा वास घेतला. मग त्यानं ती नळी दोन्ही हातांत धरली. "हे आतडं न्हाई ऱ्हायलं आता. तुमी चामडं कमावलंय. मी बी असंच करतो, पर जाड कातड्याला. आतड्याचं चामडं हुतं हे मला बी ठावं नव्हतं." तो हसला. "माझ्या पोटावर पाय आनताय व्हय?"

फक्रुद्दीन हसला नाही. त्यानं चाकू काढला, नळीचं एक टोक कापलं आणि दुसऱ्या बाजूनं पिळलं. आतलं मटण अख्खं सरकून बाहेर आलं. लालभडक, घट्ट, धुराचा मंद वास. त्यानं काप काढून खाल्ला, मग दुसरा.

"अम्मा, भुईमुगाची शेंग खाताना टरफल खातीस का?"

चांदबी उठली. तिनं सगळी माळ त्याच्या पडशीत गुंडाळून दिली.

लढाई संपल्यावर, पलटणीतून सुटका झाल्यावर, तो परत आला. या खेपेला चांदबीनं त्याला लांबूनच, गल्लीच्या तोंडाशीच ओळखलं. जाताना बोटीवर सगळ्यांत शेवटपर्यंत त्याच्याकडेच खायला उरलं होतं, असं त्यानं सांगितलं. डब्यातलं मटण न खाता चहा-बिस्किटांवर दिवस काढणारे सोबती त्याच्या कापांभोवती गोळा व्हायचे. मग त्यानं खिशातून एक तपकिरी, वळकटी केलेली वस्तू काढली. एका टोकाला गाठ, दुसऱ्या टोकाला दोरा.

"इटलीत पावसानं नुसतं झोडपलं. पलटनीत सगळ्यांच्या आगकाड्या भिजल्या. माज्या तुझ्या ह्या टरफलात हुत्या, कोरड्या ऱ्हायल्या."

चांदबीनं ती पिशवी हातात घेतली. काड्या बाजूला काढल्या. मग माठातलं पाणी तांब्यानं तिच्यात ओतलं आणि ती उंच धरली. आत पाणी स्थिर उभं होतं. खाली थेंब पडेल म्हणून तिघंही वाट बघत राहिली. थेंब पडला नाही. एका मेंढ्याच्या पोटातून निघालेलं, संध्याकाळपर्यंत कुजून जाणारं आतडं समुद्रापलीकडे जाऊन आलं होतं, आणि अजून पाणी धरत होतं.

"सूर्यभानला हाक मार," ती कमरुद्दीनला म्हणाली. "त्याला बी बघू दे."