पिकअपची उचकी

मेकॅनिकने शेवटचा प्लग काढून नाकाशी धरला, वास घेतला आणि प्लग उत्तम आहे हे कळल्यावर निराश झाला.

प्लग नवे होते, कॉइल नवी होती. पेट्रोलच्या फिल्टरवरचं किमतीचं लेबलसुद्धा अजून निघालं नव्हतं. तरी काचवाल्याची जुनी पिकअप मिसिंग मारतच होती. बरी चालता चालता इंजिनाला उचकी लागायची, गाडीला हिसका बसायचा आणि मागचा माल कण्हायचा. परवा एका न्हाव्याचा मोठा आरसा अशाच उचकीत गेला. न्हाव्याने तुकडेही ठेवून घेतले. सध्या तो प्रत्येक गिऱ्हाइकाला आपापला तुकडा हातात धरायला देतो, असं कानावर येत होतं.

गॅरेजमधल्या एकुलत्या एका खुर्चीवर काचवाल्याचे सासरे बसले होते. पिकअप मूळची त्यांची. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी ती मोठ्या जावयाला दिली. म्हणजे किल्ली दिली, शेजारची सीट स्वतःकडे ठेवली.

“माझ्या हातात इतकी वर्षं होती. कधी शिंकली नाही.”

“हो, बाबा,” काचवाला म्हणाला.

“इंजिनाला माणूस कळतो, जावईबापू. आम्ही आपलं काही बोलत नाही.”

त्यांचं हे काही न बोलणं सकाळपासून चालू होतं.

आज रोग सापडला नाही तर पिकअप धाकट्या जावयाकडे जाणार होती. त्याला तिच्यात कुत्र्यांचं फिरतं सलून काढायचं होतं. टबासाठी माप घ्यायला तो येऊनही गेला होता. टेपचं दुसरं टोक काचवाल्यानेच धरलं होतं. पिकअप गेली तर धंदा गेला. काच काही सायकलच्या कॅरियरला लावून नेता येत नाही.

मेकॅनिकने काचवाल्याला बाजूला घेतलं.

“तुम्ही एकटे असलात की कशी चालते?”

“शहाण्यासारखी.”

“वहिनी शेजारी असल्या की?”

“मी शहाण्यासारखा चालवतो.”

“आणि काका?”

काचवाल्याने खुर्चीकडे पाहिलं.

“एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असा आमचा नियम आहे,” मेकॅनिक म्हणाला. “पार्ट बदलून झाले. आता माणसं बदलू.”

आधी तो स्वतः शेजारी बसला, तेलकट बूट काढून, सीटवर मांडी घालून. चौकाला फेरी मारून आले. गाडी लोण्यासारखी चालली. मग त्याने सासऱ्यांना शेजारी बसवलं आणि स्वतः मागे हौद्यात, काचा बांधायच्या सांगाड्याला धरून, केबिनच्या मागच्या खिडकीला नाक लावून उभा राहिला.

समोर हातगाडी आली. “ब्रेक,” सासरे म्हणाले आणि त्यांचा उजवा पाय खाली दाबला गेला. उचकी. कुत्रं आडवं आलं. पाय. उचकी. लांबवर एक गतिरोधक असल्याची नुसती शंका आली, तरी पाय, आणि उचकी. दर वेळी मेकॅनिकचं नाक खिडकीवर चपटं होत होतं. पण चपट्या नाकाचा तो माणूस हसत होता.

गॅरेजमध्ये परतल्यावर सासरे नळावर हात धुवायला गेले. मेकॅनिकने त्यांच्या सीटपुढची मॅट उचलली. खाली तारांचा जुडगा होता आणि त्याचं वेष्टण बरोब्बर तळव्याच्या आकारात झिजलं होतं.

“या तारा इंजिनाच्या मेंदूकडे जातात. काका ब्रेक दाबतात.”

“तिथे ब्रेक नाहीये.”

“ते त्यांना सांगा.”

सांगायला काचवाला कधीचा तयार होता. वाक्यही तयार होतं, थोडं टोचणारं. तो नळाकडे वळला. तेवढ्यात फाटकातून एक स्कूटर जरा जोरात आत आली. सासऱ्यांनी हात नळाखाली तसेच ठेवून पायाने जमीन दाबली. स्कूटर थांबली. ते समाधानाने पुन्हा हात धुवू लागले.

काचवाला नळाकडे न जाता मेकॅनिककडे परतला.

“तारा वरून फिरवून घ्या,” तो म्हणाला. “आणि भंगारात एखादं पेडल मिळेल का?”

तासाभराने सासरे सीटवर बसले आणि पायाशी पाहू लागले.

“हे काय?”

“ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला असतं तसं, बाबा. माझा अजून हात बसला नाहीये. म्हटलं, तुमचा आधार असावा.”

सासरे काही बोलले नाहीत. या वेळी खरंच. वाटेत हातगाडी आली, त्यांनी पेडल दाबलं आणि काचवाल्याने त्याच क्षणी आपलं. कुत्र्यालाही तसंच. इंजिनाला एकदाही उचकी लागली नाही.

“बघा,” परतल्यावर सासरे म्हणाले. “वेळेवर ब्रेक लागला की इंजिन शांत राहतं. गाडी राहू दे तुमच्याकडेच. कुत्री काय, घरीही आंघोळ करतात.”

काचवाला धाकट्या साडूला फोन करायला बाहेर गेला. सासरे मेकॅनिकजवळ आले.

“ते पेडल कशाला जोडलंय?”

मेकॅनिकने पान्याकडे पाहिलं. पाना काही मदत करेना.

“कशालाच नाही, काका.”

“तेच म्हटलं. स्प्रिंग जरा कडक टाक. एवढं हलकं खरं वाटत नाही.” त्यांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. “आणि मी विचारलं हे जावईबापूंना सांगू नकोस.”