बादलीतलं मीठ

कळव्यात खाडीच्या अंगाला घर असलेल्या गोविंदाच्या ओटीवर सकाळी दहाला दोन पोरी रडकुंडीला आलेल्या. एक त्याची नात दिशा, दुसरी तिची वर्तकनगरची मैत्रीण माया. दोघी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्यांनी एक पेटी बनवलेली. आत पातळ पडदे. पडद्यांच्या एका बाजूला खाडीचं खारं पाणी सोडायचं, दुसऱ्या बाजूला गोडं. खाऱ्यातलं मीठ गोड्याकडे धाव घेतं आणि त्या धावेतून वीज निघते. ना धूर, ना कोळसा! अकराला कॉलेजच्या देवयानी मॅडम बघायला येणार होत्या. दिवा पेटला तर पुढच्या कामाला प्रयोगशाळा मिळणार, नाहीतर वर्षाची मेहनत भंगारात.

दिवा पेटेना.

"काल तर पेटलेला ना यार," दिशा म्हणाली. "वायर बघ."

मायानं वायर बघितली, पडदे बघितले. शेवटी गोड्या पाण्याच्या बादलीत खारटपणा मोजायचा मीटर बुडवला आणि ती ओरडलीच, "दिशा, हे पाणी खारट आहे!"

"वेडी काय? आमच्या विहिरीचं आहे. तूच तर काढलंस सकाळी."

"मीठ मी टाकला," मागून गोविंदा म्हणाला. भाजीत टाकलं असं सांगावं, तसं. "दोन मुठी. पानी हिनी शिवला, बादली आपल्या घरातली. मिठानी विटाळ जातो. माझा बापूस असाच करायचा."

वाचकहो, ही गोष्ट आजची आहे! हे बोलताना त्या माणसाच्या हातात स्मार्टफोन होता!

दिशा किंचाळली, "आजोबा, लाज नाही वाटत?"

"लाज कसली? आज आडनाव इचारला, मंगच टाकला. आता विहिरीत पन टाकनार हाय."

"टाका ना! आक्खी गोन टाका!" गोविंदाची बायको शकू पदर खोचत बाहेर आली. "पन आदी सांगा, आपल्या मिठागरावर इतकी वर्सं मीठ ओढला कोनी? मी आनि मंजुळानी. ही पोर मंजुळाची नात हाय. पयल्याच दिवशी सांगितला तिनी मना."

"मंजुळा? आपली मंजुळा?"

"आपली कदी व्हती? तान लागली तर तिच्या ओंजळीत वरून पानी ओतायचे तुमी! खाऱ्या पान्यात उभी राहून तिच्या पायांना भेगा पडल्या, रगत यायचा. तिच्या हातचा मीठ जल्मभर जेवलाव, तवा नाय बाटलाव? आनि आता त्याच मिठानी तिच्या नातीचा विटाळ काढताव?"

गोविंदानं तळहात उघडून पाहिला. मिठाचे दोन-चार खडे अजून चिकटलेले. तो पायरीवर बसला.

मग उठून त्यानं बादली अंगणात रिकामी केली आणि विहिरीचा दोर मायापुढे धरला. "पोरी, तूच काढ."

मायानं हात पुढे केला नाही. "मला मेहरबानी नको, आजोबा. मॅडमनी विचारलं, उशीर का झाला, तर काय सांगू? वायर तुटलेली?"

"तू नको सांगू," गोविंदा म्हणाला. "मी सांगन."

मायानं पाणी काढलं. पेटी दोनदा धुतली. देवयानी मॅडम आल्या तेव्हा गोडं पाणी नुकतंच आत सोडलं होतं.

"अजून तयारीच चाललीय?" मॅडम म्हणाल्या.

"बाई, पोरींची चूक नाय," गोविंदा पुढे झाला. "ही पोरगी शिवली म्हनून पान्यात मीठ मी टाकला. मी!"

मॅडमचं पेन कागदावर तसंच थांबलं. आणि त्याच क्षणी नखाएवढा तो दिवा पेटला!

मॅडमनी होकार दिला. पण मी लिहितोय ते त्यासाठी नाही. आपण पाण्यातून वीज काढायला निघालोय आणि विहिरीवर अजून आडनाव विचारतोय. थू आपल्यावर! गोविंदाला हसू नका. आपल्या घरात कामवालीचा वेगळा कप कुठल्या फळीवर ठेवलाय, ते बघा. आजच काढा तो. आणि गुपचूप काढू नका. तिच्यासमोर, चारचौघांत कबूल करून काढा.