कोंडीरामाची मिशी आणि नवरंग

कोंडीरामाला लाज म्हणून नव्हती. मृग तोंडावर आलेला, रानात ढेकळं तशीच पडलेली, आणि हा साठी उलटलेला बाप्या चार दिवस आंब्याखालच्या पाचोळ्यात पालथा पडून होता. त्याची बायको वेणूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "गाव कार्पोरेशनात गेलं, अन् आमचं मालक पाखरात गेलं."

मूळ दुखणं पारावरचं. नवरंग म्हणून पाखरू असतं, पावसाआधी दक्षिणेकडनं येतं, अंगावर नऊ रंग, शेपूट नावाला. ते आपल्या रानात दिसलं, असं कोंडीराम बोलून बसला.

शेजारचा दिगंबर म्हणाला, "रंग मोजलं का रं? का म्या यिऊ मोजाया?"

झालं. रविवारपर्यंत दाखवलं नाही तर अर्धी मिशी उतरवीन, असं कोंडीराम सगळ्यांदेखत बोलला. सोमवारी पुतणीचं लग्न. अर्ध्या मिशीचा नवरा मांडवात मिरवायचा, या विचारानंच वेणूबाईला ठसका लागे.

रविवारी सकाळी बिबवेवाडीहून पाखरांची हौस असलेली स्वराली कॅमेरा घेऊन आली. दिगंबर वस्तरा घेऊन आला.

ऊन चढलं, घामानं सदरे पाठीला चिकटले.

"हितंच हुतं," कोंडीराम म्हणाला.

"असंल की. मिशी बी हितंच हाय अजून," दिगंबर म्हणाला.

एवढ्यात घराकडून शीळ आली. दोन सुरांची, खणखणीत.

"आजोबा, हाच आवाज," स्वराली कुजबुजली.

तिघं वाकून, पाय न वाजवता ओसरीपाशी आले. वेणूबाई सूप घेऊन दळण निवडत होती. शेजारी कोंबड्यांचं डालं पालथं घातलेलं. त्याखाली लेकानं मंडईच्या रस्त्यावरून आणलेली, रंगात बुडवलेली गुलाबी-हिरवी पिल्लं. काल सांजेला त्यातलंच एक तुळशीपाशी मलूल बसलेलं तिला दिसलं होतं. 'ह्याला मेल्यानं रंग जास्तच थापलाय,' म्हणत तिनं ते आत ढकललं होतं.

शीळ डाल्यातून येत होती.

स्वरालीनं डालं उचललं. पिल्लांच्या गर्दीत हिरव्या पाठीचं, शेपटीखाली लालभडक, असं नवरंग रागानं बघत उभं. फोटो निघाला आणि पाखरू भुर्रकन आंब्यात गेलं. दिगंबरनं वस्तरा मिटला.

"आजी, तुम्ही ओळखलंत कसं?"

वेणूबाईनं सुपातला खडा वेचून अंगणात भिरकावला. "वळखायचं काय त्यात? कपाळाखाली डोळं हाईत न्हवं."

मग मिशीला पीळ देत उभ्या असलेल्या नवऱ्याकडे ती वळली.

"तुमी पालथं पडून रान हुंगलं. म्या बसल्या जागी धरलं. आजपासनं ती मिशी माझी हाय. मला इचारल्याबिगर पीळ द्यायचा न्हाई."