पहिल्या काहिलीची ओंजळ

ओडैवलसु गावात हळद शिजली की नाही, हे सेल्लायीचं नाक ठरवायचं. त्या नाकाचं गावाला कौतुक होतं, पण सगळ्यात जास्त कौतुक खुद्द सेल्लायीला होतं. तीस वर्षं ती लोकांच्या काहिलींपाशी उभी राहत आली होती. फेस काठाला आला, गोणपाटाखालून पांढरी वाफ सुटली, की ती डोळे मिटायची, दोन श्वास घ्यायची आणि म्हणायची, "उतरवा." लगेच गडी काहिलीखालचा विस्तव ओढायचे. घाई झाली तर वाळलेलं हळकुंड ठिसूळ होतं, उशीर झाला तर रंग मळतो, आणि मग नऊ महिने राबून काढलेलं पीक बाजारात कुणी हातात धरत नाही. बरोबर वेळ असते ती या दोन्हींच्या मधली, आणि ती फार थोडी असते.

वरच्या आळीतली मारायी मात्र खराट्याची काडी टोचून बघायची. काडी न अडता आरपार गेली की हळद शिजली. सेल्लायीला याचं फार हसू यायचं. "काडी टोचून बटाटे बघावेत," ती म्हणायची, "हळदीला नाक लागतं, आणि नाक काही बाजारात मिळत नाही." हे ती विहिरीवर बोलली होती, लग्नाच्या पंगतीत बोलली होती. मारायीच्या नातीला न्हाण आलं तेव्हा पोरीच्या डोक्यावर हळदीचं पाणी ओतता ओतता बोलली होती, आणि मारायी तिथेच दोन्ही हातांत तांब्या घेऊन उभी होती.

गावाची एक रीत होती. पहिल्या काहिलीची हळद वाळली, की तिच्यातली पहिली ओंजळ 'उतरवा' म्हणणारीच्या घरी यायची. तिने वास घ्यायचा आणि 'निघाली', म्हणजे हळद चांगली निघाली, असं म्हणायचं, मगच ती ओंजळ मारियम्मनच्या देवळात जायची. तीस वर्षांत ती दुसऱ्या कुणाच्या उंबऱ्यावर गेली नव्हती.

यंदा मार्गळी महिन्याच्या थंडीत सेल्लायीला ताप आला. सहा दिवसांनी गेला, आणि जाताना नाक घेऊन गेला.

ते तिला कळलं पोंगलच्या दिवशी. अंगणात नवं मडकं चढलं होतं, त्याच्या गळ्याला पानांसकट ओल्या हळदीचं रोप बांधलं होतं. दूध उतू गेलं, सगळे "पोंगलो पोंगल!" म्हणून ओरडले. गरम मडक्याला टेकून हळदीचं पान करपायला लागतं, त्या वासाने तिचं वर्ष सुरू व्हायचं. ती वाकली. पान करपलेलं दिसत होतं, वास नव्हता. तिने दुसरं पान तोडून चुरगाळलं, नाकाला लावलं, नाकात कोंबायचंच तेवढं बाकी ठेवलं. सेल्लायी घाबरली. आयुष्यात ती फारशी घाबरलेली नव्हती, त्यामुळे कसं घाबरतात हेही तिला नीट माहीत नव्हतं. तिने गुपचूप सगळ्यांना पोंगलचा भात वाढला.

ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नाही. नवऱ्याला कानाने कमी ऐकू यायचं, त्याला गुपित सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं.

तिचा सगळा जन्म लोकांना हळद सांगण्यात गेलेला. कापलं, दाबा हळद. खोकला झाला, हळदीचं दूध, वर मिरपूड. बाळंतिणीला हळद लावून कढत पाण्याने न्हाऊ घाला. घरात कांजिण्या निघाल्या तर अम्मन देवी आलीय म्हणा, आरडाओरडा करू नका, कडुलिंबाचा पाला आणि हळदीचं पाणी तयार ठेवा. सर्दीला हळकुंड दिव्यावर पेटवा आणि धूर ओढा. आता तिने आपलं औषध आपल्यालाच सुरू केलं. रोज पहाटे गोठ्यामागे बसून हळकुंड जाळायचं, आधी एका नाकपुडीने धूर ओढायचा, मग दुसरीने. डोळे गळायचे, ठसका लागायचा, म्हैस तोंड फिरवून घ्यायची. नाकाला मात्र पत्ता नव्हता.

शेवटी ती बसने सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण ऐकून घेतलं त्यांनी.

"काही तापांनंतर असं होतं, आजी. काहींचा वास परत येतो, महिने लागतात. काहींचा येत नाही. यावर खात्रीची गोळी नाही."

"मी हळद घेतेय."

"जेवणात घ्या, दुधात घ्या, बिघडत काही नाही. पण तिने नाक परत येईल असं मी सांगणार नाही. आणि तो धूर आधी बंद करा, आतून सोलवटून निघाल. रोज सकाळी ओळखीच्या चार वस्तू घ्या, एकेक नाकाशी धरा आणि तो वास आठवायचा प्रयत्न करा. कंटाळू नका."

"मला वास घ्यायला शिकवते!" सेल्लायी परतीच्या बसमध्ये पुटपुटत होती. "मला!" शेजारची बाई सरकून बसली. पण दुसऱ्या दिवशी पहाटे हळकुंड पेटलं नाही. त्याऐवजी चार डब्या मांडल्या गेल्या: हळद, कापूर, मिरी, कॉफीची पूड. एकीचाही वास आला नाही. तिसऱ्या दिवशीही आला नाही. ती मांडतच राहिली.

मासी महिना लागला आणि कोळंदासामी गौंडर अंगणात येऊन उभा राहिला.

"अक्का, हळद काढून झाली. चार दिवसांनी काहील चढवतोय. गावातली पहिली माझीच. येणार ना?"

इथे 'नाही' म्हणायला हवं होतं. कंबर दुखतेय म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण नाही म्हटलं की तो सरळ मारायीकडे जाणार, आणि ओंजळही तिकडेच जाणार, हे सेल्लायीला दिसलं.

"मी न येता तुझी हळद शिजते का, तंबी?" ती धाकट्या भावाला विचारावं तसं म्हणाली. तो हसत गेला आणि ती परसातली मडकी धुवायला लागली.

त्या दुपारपासून परसात ओल्या हळदीची मडकी चढायला लागली. एक उतरलं की दुसरं. सून भुवना दोन मडकी गप्प बसली, तिसऱ्याला बाहेर आली. भुवना तिरुप्पूरची, लग्नाआधी बनियनच्या कारखान्यात होती. हिला कापसाशिवाय कशाचा वास येत नाही, असं सेल्लायी सहा वर्षं ऐकवत आली होती.

"अत्तै," ती सासूला म्हणाली, "काल दूध करपलं. तुम्ही शेजारीच बसला होतात."

"विचारात होते."

"त्याच्या आदल्या दिवशी घरभर गॅस सुटला होता, तेव्हाही विचारातच होतात?" भुवना खाली बसली. "पोंगलपासून तुम्हाला वास येत नाही. हो ना?"

सेल्लायीने लाकूड आत सारलं.

"मी येते तुमच्याबरोबर," भुवना हळू म्हणाली. "वास सुटला की खोकेन. तुम्ही 'उतरवा' म्हणा. कुणाला कळणार नाही."

"आणि नाव कुणाचं?"

"तुमचंच की."

"चोरीचं नाव मला नको."

"मग त्यांना नाही म्हणून कळवा."

"तेही नको."

"मग करणार काय तुम्ही?"

"शिकणार," सेल्लायी म्हणाली. "तू तिथे येऊन खोकू नकोस. इथे बस. वास सुटला की सांग, मी बघते त्या वेळी हळदीत काय होतं ते. नाक गेलं म्हणून काय बोटं गेली? डोळे गेले?"

तीन दिवसांत अकरा मडकी झाली. भुवना "आता" म्हणाली की सेल्लायी फेस बघायची, एक हळद काढून चिमटीत दाबायची, मोडायची. बोटं भाजून लाल झाली, त्यांवर भुवनाने आधी थंड पाणी ओतलं आणि वर, सासूकडे बघून हसत, हळद लावली. पण फेस दर वेळी वेगळं सांगायचा आणि चिमटी कधी खरं बोलायची, कधी खोटं. सातव्या मडक्याला सेल्लायी उठली, परसाचं दार लावून घेतलं, आणि खराट्यातून एक काडी उपसली.

भुवनाने "आता" म्हटलं. काडी लोण्यात जावी तशी गेली. आठव्याला तिने "आता" म्हणायच्या आधीच टोचली, तर मध्यावर कचकच लागली. नवव्याला तसंच. दहाव्याला जेठा गड्डा, म्हणजे मधला मूळ कंद, टोचून बघितला, तो बाजूच्या कांड्यांपेक्षा शिजायला बराच मागे होता. अकराव्याला सेल्लायीच आधी "आता" म्हणाली, आणि भुवनाने मान डोलावली.

मारायी तीस वर्षं बरोबर होती. हे गिळायला सेल्लायीला कुठल्याही काढ्यापेक्षा जड गेलं.

काहिलीच्या दिवशी सकाळी सकाळी कोळंदासामीच्या खळ्यावर गर्दी होती. पहिली काहील बघायला लोक येतातच. गड्डे आणि कांड्या वेगळ्या करायला आलेल्या बायकांत मारायीही होती. खाली उसाचं पाचट पेटलेलं, आणि कोळंदासामीने हौसेने वर करवंट्यांचा ढीग ओतला होता. जाळ असा उठला की फेस लवकरच काठाला आला. गोणपाटाखालून पांढरी वाफ निघाली.

सगळे सेल्लायीच्या नाकाकडे बघायला लागले.

तिने सवयीने डोळे मिटले, दोन श्वास घेतले. वाफ गरम लागली, बस. फेसाकडे बघितलं तर सगळं झालेलं दिसत होतं. 'उतरवा' हा शब्द ओठांवर आला होता. तो बोलून टाकला की नाव राहत होतं, निदान हळद वाळेपर्यंत तरी. कंबरेला खोचलेली काडी टोचत होती. एवढ्या लोकांत ती बाहेर काढायची म्हणजे आपल्याच हाताने आपलं नाक कापायचं, हे तिला कळत होतं. जाळ फार मोठा होता, हेही कळत होतं.

तिने काडी काढली.

बायकांतून मारायीचा आवाज आला, "काय गं सेल्लायी, बटाटे शिजले का?"

लोक खो-खो हसले. सेल्लायीने झाऱ्याने एक कांडी वर घेतली आणि टोचली. काडी मध्यावर अडली.

"नाही शिजले," ती म्हणाली. "आणि नाक गेलंय माझं. मार्गळीच्या तापात. पोंगलपासून कसलाही वास येत नाही मला."

हसू थांबलं. कोळंदासामी पुढे आला, त्याचा चेहरा उतरला होता. "अक्का, हे आत्ता सांगतेस? माझं वर्षाचं पीक आहे हे!"

"तू विचारलंस तेव्हाच सांगायला हवं होतं. चुकलं माझं. पण आत्ता जे सांगतेय ते काडी बघून सांगतेय. फेस लवकर आलाय तो तुझ्या करवंट्यांनी. हळद आत कच्ची आहे. माझ्यावर विश्वास नसेल तर हिला विचार." आणि तिने काडी मारायीपुढे धरली.

मारायी उठली. पदर खोचून आली, काडी घेतली, एक कांडी टोचली, दुसरी टोचली, तिसरी टोचली. तिसरीला तिने मान वर केली.

"पोटात कच्ची आहे. आता उतरवली असती तर गेली होती." मग काडी परत देत म्हणाली, "म्हणजे काडीवाली बरी म्हणायची?"

"बरी कशाला, चांगली म्हण. तोंडाला येईल ते बोलत आले मी तुला."

"बोललीस खरी. माझ्या नातीच्या न्हाणात बोललीस."

"हो."

मारायीने माफ केलं असं काही म्हटलं नाही. "बस इथे," एवढंच म्हणाली, आणि खराट्यातून दुसरी काडी ओढून स्वतःसाठी घेतली.

दोघी काहिलीच्या दोन बाजूंना बसल्या. जाळ कमी करवला. इकडची कांडी, तिकडची कांडी, पुन्हा इकडची. मग मारायीची काडी लोण्यासारखी गेली आणि तिने समोर बघितलं. सेल्लायीचीही गेली होती. पण बोलायचं कुणी? सेल्लायी तिच्या तोंडाकडे बघत होती, ती सेल्लायीच्या.

"अगं, कुणीतरी म्हणा!" कोळंदासामी ओरडला.

"उतरवा," सेल्लायी म्हणाली.

हळद खळ्यावर पसरली गेली आणि गावात चर्चा सुरू झाली. शब्द सेल्लायीचा, पण काडी मारायीची, मग ओंजळ कुणाच्या घरी जायची? सेल्लायीने स्वतःला बजावून ठेवलं, की येणार नाही. वास घेणारीकडे ओंजळ नेतात, वास न येणारीकडे नेऊन काय करायचं? ती रोज पहाटे चार डब्या मांडत होती. एकदा कापराला नाकात काहीतरी गार वाटलं. तो वास होता की भास, तिला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तेही वाटलं नाही. तिने डब्या पुसून ठेवल्या आणि तिसऱ्या दिवशी परत मांडल्या.

सोळाव्या दिवशी सकाळी कोळंदासामी अंगणात आला. हातात केळीच्या पानावर हळकुंडं होती. मागे मारायी होती.

तो पायरीपाशी आला आणि दर वर्षीसारखी त्याने ओंजळ सेल्लायीच्या नाकाशी नेली. मध्येच त्याच्या लक्षात आलं. हात तिथेच अधांतरी राहिला, ना पुढे जाईना ना मागे. भुवना दारात होती, तिने खाली बघितलं. सेल्लायीने हळकुंडांचा रंग बघितला, चांगला होता. ती वाकली, श्वास घेतला. काहीच नव्हतं. खोटं 'निघाली' म्हणायची सोय होती, तिला ते म्हणवेना.

"सरक जरा," मारायी कोळंदासामीला म्हणाली. तिने ओंजळीतून एक हळकुंड उचललं, सेल्लायीच्या कानाशी नेलं आणि मोडलं.

कटकन आवाज झाला. दगडावर नाणं पडावं तसा स्वच्छ. कच्चं राहिलं असतं तर ठिसूळ होऊन चुरलं असतं, असं वाजलं नसतं, हे सेल्लायीला सांगावं लागलं नाही. तिच्या डोळ्यांना धार लागली.

"धूर फार झालाय," ती म्हणाली.

"कुठला धूर? चूल विझलीय तुमची," मारायी म्हणाली.

"तू बोलू नकोस. दुसरं मोड."

मारायीने दुसरं मोडलं, दुसऱ्या कानाशी.

"निघाली," सेल्लायी म्हणाली.