न्यू भोजराज राईस मिल

परवाने तपासायला आलेल्या साहेबांनी पाटी दोनदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचली, आणि मग भोजराजला विचारलं, "ही गिरणी नवीन आहे?"

"हो जी," भोजराज म्हणाला. नुसतं म्हणाला नाही, छाती फुगवून म्हणाला. "एकदम नवी."

झालं. त्या एका शब्दानं त्याची गिरणी बुडवली. धान भरडायला आलेल्या बायांना साहेबांनी विचारलं, तर त्याही कौतुकानं माना हलवून म्हणाल्या, नवी हाय जी, नवी.

गिरणी नवी कसली? भोजराजच्या बापानं बसवलेलं हलर ते, धान भरडायचं जुन्या पद्धतीचं यंत्र. भंडारा जिल्ह्यातल्या करडीच्या अलीकडच्या आमच्या गावात मी शाळामास्तर म्हणून आलो, तेव्हासुद्धा ते जुनंच होतं. ही पाटी लागली त्या साली नाल्याला पूर आला, भिंती बसल्या आणि हलर चिखलात गेलं. दुसरा असता तर हातपाय गाळून बसला असता. भोजराजनं चिखल उपसला, एकेक भाग घासून पुसून तेलात बुडवला, त्याच जागेवर जोतं उंच करून भिंती उभ्या केल्या. सरकारकडून पुराची मदत मिळते, अर्ज कर, असं मी सांगितलं होतं. तो म्हणाला, मदत घेतली की मदत पाहायला येतात, मग काम कधी करायचं?

आणि मग त्याला हौस आली. भंडाऱ्याहून पेंटर बोलावला. भंडाऱ्याच्या बाजारात तुम्ही कधी हिंडला असाल तर तुम्हाला ठाऊक आहे, तिथं दोन पिढ्यांच्या भांड्यांच्या दुकानावरसुद्धा 'न्यू' लिहिलेलं असतं. सलून न्यू, भोजनालय न्यू. पेंटरच्या हाताला तीच सवय. त्यानं न विचारता लिहून टाकलं, 'न्यू भोजराज राईस मिल'. भोजराजला वाटलं, वा, काय शोभून दिसतंय! नारळ फोडला, गावाला गूळ वाटला.

कायदा असा होता की जुन्या गिरणीचा परवाना वर्षाच्या वर्षाला पुढं चालू राहतो. नव्या गिरणीला नवा परवाना लागतो, आणि हलरला नवे परवाने देणं बंद होतं. हलर तांदूळ मोडतं, कनकी फार पाडतं, असं वर कुणीतरी ठरवलं होतं. शिवाय सरकारनं तालुक्याच्या रस्त्यावर मोठी सहकारी भात गिरणी बांधली होती. तिच्याकडं धान जावं, हेही असणारच.

मी साहेबांना बाजूला घेतलं. म्हटलं, अहो, इथल्या बोलण्यात 'नवी' म्हणजे तुमची नवी नव्हे. या भोजराजची बायको शकुनबाई, घरातली धाकटी सून. तिची स्वतःची लेक सासरी गेली, तरी जावा तिला अजून 'नवी' म्हणूनच हाक मारतात. साहेब हसले. तरुण होते, माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "गुरुजी, मला पटतंय. पण उद्या मला कुणी विचारलं तर मी पाटी दाखवू, की धाकटी सून?"

आणि त्यांनी इंजिनघराच्या दाराला लाखेचं सील ठोकलं. दिवाळी तोंडावर होती. शेतात धान पिवळं पडायला लागलं होतं. गिरणीवाल्याची वर्षाची भाकरी त्याच दोन-तीन महिन्यांत भाजली जाते, हे काय सांगायला हवं? सील निघालं नाही तर भोजराजची गिरणी कायमचीच गेली, हे त्या दिवशी आम्हा सगळ्यांना कळलं होतं.

भोजराज आणि मी रोज संध्याकाळी भांडायचो. भांडायचो म्हणजे त्याच्या ओट्यावर बसून सुपारी कातरत वाद घालायचो. शिकला होता चौथी, पण बोलायला लागला की मला घाम फोडायचा. लेव्हीवर, म्हणजे सरकारच्या सक्तीच्या धानखरेदीवर, चिडायचा. शेतकऱ्याचं धान, पण भाव सरकारचा, तोल सरकारचा आणि जिल्ह्याबाहेर नेलं की चोरी! लेकीला सासरी तांदूळ पाठवायचा तर पोतं लपवून न्यावं लागतं, असं कुठं असतं का? शहराच्या वेशीवर जकात नाका दिसला की त्याचं डोकंच फिरायचं. मी म्हणायचो, अरे कर नसेल तर रस्ता कुठून येईल, दवाखाना कुठून येईल, माझी शाळा कशी चालेल? तर म्हणायचा, शाळा चालवा ना जी, कोन नाही म्हनते? गिरनी कायले चालवता?

सील लागलं त्या संध्याकाळी मी त्याला जरा टोचलंच. म्हटलं, तपासणी नको तर मग गिरणीवाल्यानं लोकांना लुटलं तर कुणी बघायचं?

त्यानं अडकित्ता खाली ठेवला. "गुरुजी, माही गिरनी खराब भरडत असन, तं बाया उद्यापासून येनार नाईत. मी लुटलं, तं माह्यासमोर दुसरा गिरनी टाकन. टाकू तं द्या त्याले! तुमी त्यालेई टाकू देत नाही, अन् मलेई चालवू देत नाही. मंग लुटून कोन राहिलं?"

माझा पगार त्याच सरकारचा, त्यामुळे मला राग आला. गिरणीचा कोंडा उडतो, बायांच्या पदराला आग लागेल असं उघडं इंजिन असतं, तेही कुणीतरी बघायला नको का, असं म्हणून मी उठून गेलो. ते खोटंही नव्हतं. पण त्याच्या इंजिनाकडं कुणी बघितलंच नव्हतं. बघितली होती पाटी.

मग चकरा सुरू झाल्या. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण करणारा माणूस फार आशावादी असला पाहिजे. मी अर्ज लिहायचो, भोजराज एसटीनं भंडाऱ्याला न्यायचा. एक बाबू म्हणाला, पाटीवरचं 'न्यू' पुसून या. यानं पुसलं. दुसरा बाबू म्हणाला, पाटी का पुसली, हा तर पुरावा नष्ट केला! पुन्हा लिहून आणा. त्या दिवशी भोजराज परत आला तो सरळ माझ्याकडं, आणि हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यात पाणी आलं. मला फार संताप आला, आणि तो काढायचा कुणावर तेच कळेना. पाटी पाहिलेल्या साहेबांची तोवर बदली झाली होती.

धान घरी आलं. गाडीवाले लांबच्या गिरणीला गेले. ज्यांच्याकडं गाडी नाही त्या बायांनी माळ्यावरची मुसळं खाली काढली. पहाटे गल्लीत कांडण्याचा आवाज यायला लागला की शकुनबाई दार लावून घ्यायची. एकदा तिनं माझ्यासमोरच नवऱ्याला विचारलं, "मातीचं ढेकूळ फुटत नाही का तुमच्यानं? त्या लाखेले एक दगड हाना न्!"

भोजराज म्हणाला, "हानला तं मी चोर ठरन. आज तं मी गिरनीवाला आहो."

सरकारनं बांधलेल्या त्या सहकारी गिरणीचं म्हणाल तर ती उद्घाटनाला चालली होती. मंत्र्यांच्या हातून एक पोतं भरडलं गेलं, फोटो निघाले. पुढं मोटार जळाली. नवी मोटार यायची तर मंजुरी हवी, मंजुरी यायची तर संचालक मंडळाची निवडणूक हवी, आणि निवडणुकीवर कोर्टाची स्थगिती. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. मॅनेजर होता, कारकून होता, शिपाई होता. सगळ्यांचे पगार बिनबोभाट चालू. मी एकदा म्हटलं, आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. भोजराज म्हणाला, तिथं तं दळतच नाई जी, तरी पीठ खाऊन राहिले.

पुढल्या हंगामातही सील तसंच राहिलं. उंदरांनी पट्टा खाल्ला. शेवटी सील काढायचा हुकूम आला तेव्हा भोजराजनं दार उघडलं, आत जरा उभा राहिला, आणि बाहेर आला. दोन हंगाम बुडाल्यावर नवा पट्टा घ्यायला पैसा कुठला? इंजिन एका बागाईतवाल्यानं विहिरीवर नेलं. हलर भंडाऱ्याला मोडीत गेलं.

सहकारी गिरणीला चौकीदार हवा होता. तिथला अध्यक्ष माझा विद्यार्थी. मी भीतभीतच भोजराजजवळ विषय काढला. मला वाटलं, आता हा मला ओट्यावरून खाली ढकलणार. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला आणि म्हणाला, विचारून पाहा जी. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

मागच्या फाल्गुनात तालुक्याला निघालो होतो, तर वाटेत सहकारी गिरणीपाशी सायकल थांबवली. भोजराज खाकी कपड्यात फाटकाशी स्टुलावर बसला होता. मला पाहून उठला, नमस्कार केला. कसं काय, म्हटलं. म्हणाला, मस्त हाय जी, पगार येते, काम नाही. मी लेव्हीचा विषय काढून पाहिला. यंदा म्हणे वाढवणार आहेत, म्हटलं. तो नुसता हो जी म्हणाला.

तेवढ्यात रस्त्यानं एक म्हातारी आली. डोक्यावर धानाची मोठी गाठोडी, पाय धुळीनं पांढरे. कुठल्यातरी आडगावची असावी. फाटकावरची सरकारी पाटी तिला वाचता येत नव्हती, पण इमारत एवढी मोठी, म्हणजे गिरणी असणारच.

"भाऊ, गिरनी चालू हाय का?"

भोजराजनं पुढं होऊन तिच्या डोक्यावरची गाठोडी उतरवून घेतली, सावलीत ठेवली. आतून तांब्याभर पाणी आणून दिलं. ती पीत होती तेवढ्यात त्याची बोटं आपोआप गाठोडीत गेली. चार दाणे तळहातावर घेऊन त्यानं अंगठ्यानं चोळले, फुंकर मारली. पांढराशुभ्र अखंड तांदूळ निघाला.

"चांगलं वाळवलं, बाई," तो म्हणाला. "चालू नाही गिरनी."

म्हातारीनं मोठ्या इमारतीकडं पाहिलं, मग त्याच्या खाकी कपड्यांकडं पाहिलं. तिनं पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली. भोजराजनं तळहातावरचे ते चार दाणे परत गाठोडीत टाकले, गाठ आवळून बांधली आणि गाठोडी अलगद उचलून तिच्या डोक्यावर दिली.